निर्जन नव्हती ती जागा

बिरजाबाई,

परवा साहेबबागेत तुझी शोकसभा झाली आणि तिथं मला उलटी झाली. बंगल्यामागच्या जुन्या आंब्याला हात टेकून मी भडाभडा ओकले, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. शेजारची बाई म्हणाली, "मॅडम को धूप लग गई शायद." ऊन लागलं नव्हतं गं. किळस आली होती. दोन दिवस झाले, ती अजून जिभेवर आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय ती जाईल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे माहीत असूनही.

तुझ्या गावानं तुला मातीत ठेवलं त्या सकाळी कोणीही भाषण केलं नव्हतं. बाया आल्या, बसल्या, तुझ्या लेकीच्या, सुनीताच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हाताऱ्यांनी जे करायचं ते केलं आणि सगळे उन्हं चढायच्या आत घरी गेले. शोकसभा मात्र बागेच्या समितीनं ठेवली. त्या समितीत मीही होते.

तू गेल्यापासून मी बागेत पाय टाकला नव्हता. परवा फाटकाशी उतरले तर सिमेंटच्या वाघाच्या जबड्यात एक आई आपलं पोर बसवून फोटो काढत होती. तू त्या वाघाला शेवटपर्यंत ढोरच म्हणत राहिलीस. वाघामागच्या झाडाला भोंगा बांधलेला, त्यावर लग्नातली गाणी चाललेली. इंग्रजांच्या काळातल्या त्या काळ्या दगडाच्या बंगल्याला आतून नव्हे, बाहेरून गुलाबी ऑइलपेंट लावलाय. आणि पायऱ्यांच्या वर तुझा बॅनर. त्यावर तुझं नाव 'ब्रिजाबाई'. फोटो माझ्या घरच्या जुन्या संक्रांतीचा. त्यात आपण दोघी होतो. त्यांनी मला कापलं, पण तुझ्या खांद्यावरचा माझा हात राहून गेला. हिरव्या बांगड्या घातलेला, मनगटापासून तुटलेला एक हात तुझ्या खांद्यावर.

आपली पहिली भेट आठवते का? मी देवरीच्या शाळेत नवीनच इतिहास शिकवायला लागले होते आणि आठवीची सहल घेऊन आले होते. तेव्हा इथं फाटक नव्हतं, तिकीट नव्हतं. पडका बंगला, त्याच्या पुढ्यात सागाची दुहेरी रांग, मागं तलाव आणि तलावाभोवती जंगलात शिरणाऱ्या वाटा. मी पायरीवर उभी राहून मोठ्या आवाजात इंग्रज साहेबाची गोष्ट सांगत होते. तू विळा घेऊन गवतातून उठलीस आणि म्हणालीस, "बाई, तू अठी बजार भरवून राहिली का?"

मी चिडले. "मी शिकवतेय यांना," म्हटलं.

"मंग शिकव ना. बोंबलून काऊन राहिली?"

पोरं खुदकन हसली. तू त्यांना हाताच्या इशाऱ्यानं बसवलंस, सगळ्यांना, एका ओळीत, वाटेच्या कडेला. मलाही. किती वेळ बसलो कोण जाणे. मी काही बोलायला गेले तर तुझा तळवा माझ्या तोंडावर आला. तंबाखूचा आणि ओल्या गवताचा वास असलेला, खरखरीत. "डोरे उघडे ठेव, तोंड मिट," तू कानात म्हणालीस. आणि मग समोरच्या बांबूतून अस्वल निघालं. पाठीवर दोन पिल्लं, लोंबकळत, एकमेकांना ढकलत. वाट ओलांडून ते मोहाच्या झाडांकडं गेलं आणि माझ्या वर्गातल्या तीसेक पोरांपैकी एकही हललं नाही. एवढी शांतता मला वर्गात कधी मिळवता आली नाही.

त्यानंतर मी दरवर्षी आले. पुढं पुढं सहलीशिवायही. तू रोजंदारीवर बागेच्या वाटा साफ ठेवायचीस. मी सुटीच्या दिवशी तुझ्यामागं हिंडायचे. नवरंग पक्षी कुठं घरटं करतो, अस्वलानं वारूळ कसं फोडलंय, चितळ आणि चौशिंगा यांच्या खुरांत काय फरक, हे सगळं मी तुझ्याकडून शिकले. माझा नवरा गेला त्या वर्षी मी महिनाभर कोणाशी बोलत नव्हते. तू घरी आलीस, दारातच म्हणालीस, "चाल, तेंदू पिकला हाय." बस इतकंच. दिवसभर आपण तेंदूची फळं खात फिरलो. सांत्वनाचा एक शब्द नाही. तेव्हा तुला काही म्हणाले नाही, आज म्हणते. त्या दिवशी तू मला वाचवलंस.

पण आपलं भांडण होतं. ते पहिल्या वर्षापासून होतं आणि तू गेलीस तरी मिटलं नाही.

मी म्हणायचे, या वाटा साहेबानं आखल्या. एका जुन्या इंग्रजी अहवालात तसं लिहिलंय, नकाशाही आहे. तू हसायचीस. "साहेब घोड्यावर बसून आमच्या वाटेनं गेला, मॅडम. वाट का त्यानं पोटातून आनली?" तुझं म्हणणं होतं की बंगल्यापुढच्या हिरवळीच्या जागी तुमची सात घरं होती. साहेबाला तलावाकाठची हवा आवडली, म्हणून घरं उठवली. तुझ्या आजीची आई तेव्हा लहान होती. वाटा त्या घरांच्या होत्या, एक मोहाकडं, एक पाण्याकडं, एक देवाकडं. तू मला तलावाजवळच्या कातळात कोरलेलं उखळ दाखवलंस. मूठ आत जाईल एवढं खोल, आतून गुळगुळीत. "साहेबीनबाई धान कांडत व्हती का अठी?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "बाई, मी मानते. पण लिखित पुरावा नाही."

तू उखळातला पाला मुठीनं काढून टाकलास. मग म्हणालीस, "तुया माहेरचे सांगतेत ना, आमच्या आज्यानं तलाव बांधला म्हनून. त्याचा कागद हाय का तुयापाशी?"

नव्हता. आजही नाही. पण आमच्या घरातली गोष्ट मी लहानपणापासून खरी मानत आले आणि तुझ्या घरातल्या गोष्टीला कागद मागितला. त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक घड्याळ बघितलं असेल आणि उशीर झाला म्हणाले असेन.

मग बागेवर संकट आलं. तोडीची कुणकुण लागली, जागा दुसऱ्या कामाला जाणार अशा गोष्टी कानावर यायला लागल्या. मी धावपळ केली. अर्ज लिहिले, गोंदियाला चकरा मारल्या, शेवटी एक पुस्तिका लिहिली. ऐतिहासिक उद्यान, वन्यजीव, जुन्या वाटा. तू म्हणालीस, "नको आनू लोकं."

"लोक आले तरच वाचेल, बाई. कोणाला माहीतच नसेल तर कोण वाचवणार?"

"लोकं आले तं बाग वाचंन. जंगल नाई वाचनार."

मी तुला अडाणी समजले. तोंडानं नाही म्हणाले, पण समजले. आणि पुस्तिकेचं पहिलं वाक्य लिहिलं: 'निर्जन अरण्यात इंग्रज वनाधिकाऱ्याने आखलेल्या या वाटा...' निर्जन हा शब्द मला फार आवडला होता. तुझ्याकडून ऐकलेली अर्धी माहिती त्या पुस्तिकेत आहे. तुझं नाव नाही. 'एका स्थानिक महिलेने सांगितले' असं आहे, तेही एकदाच.

बाग वाचली. पुस्तिकेतलं वाक्य दगडावर कोरून वाटेच्या तोंडाशी बसवलं गेलं. मला शाल मिळाली. आणि तुला मिळाला मोरपिसांचा टोप.

हे मी पुन्हा पुन्हा आठवते आणि पुन्हा पुन्हा मला स्वतःचा वीट येतो. मोठे पाहुणे यायचे तेव्हा तुला वाटेवरून बोलावून फाटकाशी उभं करायचे. हिरवं लुगडं, डोक्यावर टोप, हातात आरती. आदिवासी स्वागत. गॉगल लावलेली माणसं तुझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची, "अम्मा, थोडा नाच के दिखाओ" म्हणायची. एकदा तू टोप काढून माझ्याकडं आलीस.

"आमच्यात बाया असा टोप घालतेत, हे कोनं सांगतलं यायले? मी नाई घालत."

समितीच्या खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. मी तुला बाजूला घेतलं. "थोडे दिवस घाल बाई. पाहुण्यांना आवडतं. एकदा बागेचं बस्तान बसलं की आपण बंद करू."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. आपण ओळखतो म्हणून समजत होतो त्या माणसाला नीट बघून घ्यावं, तसं. मग टोप पुन्हा डोक्यावर ठेवलास आणि फाटकाकडं गेलीस.

त्याच हिवाळ्यात तलावाच्या काठावर ते चितळ मेलं. पोट टम्म फुगलेलं. जनावरांच्या डॉक्टरनं चिरलं तेव्हा जो वास आला त्यानं सगळे मागं सरले, तू सोडून. आतून गोळा निघाला. कुरकुऱ्यांची पाकिटं, पत्रावळींचं प्लास्टिक, दोऱ्या, एका लहान मुलाचा डायपर, सगळं एकमेकांत पिळलेलं, हिरव्या चोथ्यात लडबडलेलं. डॉक्टर हातमोजे शोधत होता. तू उघड्या हातानं तो गोळा ओढून काढलास आणि माझ्या पायाशी आणून ठेवलास.

"घे मॅडम. हे तुये टुरिस्ट."

मी दोन पावलं मागं गेले. माझ्या चपलेला लागू नये म्हणून. तेव्हा मला त्या गोळ्याची किळस आली होती. आता त्या दोन पावलांची येते.

त्या दिवसापासून तू पहाटेच पोतं घेऊन वाटांवर जायला लागलीस, प्लास्टिक वेचायला. धुक्यात, थंडीत. खोकला लागला तरी जात राहिलीस. मी समितीत कचरापेट्यांचा विषय काढला. त्यांनी माकडाच्या तोंडाच्या पेट्या मागवल्या. खरी माकडं त्या उघडून पाकिटं चाटत बसतात आणि लोक त्यांचे व्हिडिओ काढतात.

आणि मग सुनीतानं तुला तो दगड वाचून दाखवला. ती गावातल्या अंगणवाडीत मदतनीस, वाचता येणारी. इतकी वर्षं तू त्या दगडासमोरून गेलीस आणि त्यावर काय आहे हे कोणी तुला सांगितलं नव्हतं. मीही नाही. तू दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत आलीस, भर वर्गात, दारात उभी राहिलीस.

"निर्जन म्हंजे काय, मॅडम?"

मी बाहेर आले. म्हटलं, "जिथं माणसं नसतात."

"मंग आमी कोन होतो? अस्वलं?"

मी म्हटलं, बदलते. समितीत सांगते. तो शब्द काढून टाकू. तू मान हलवलीस आणि गेलीस. मी एकदा विषय काढला. कोणी म्हणालं, ग्रॅनाइट आहे मॅडम, पूरा बदलना पडेगा. मी पुढच्या विषयाकडं वळले. पुन्हा काढला नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा मी दुपारच्या बसनं आले. तू इतकीशी झाली होतीस. नाकात नळी. सुनीता औषध आणायला खाली गेली होती. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि तब्येतीचं काही नाही, घरचं काही नाही, पहिलंच विचारलंस, "तो शब्द खोडला का?"

मी म्हटलं, "हो, बाई. खोडला."

तू म्हणालीस, "बरं झालं."

आणि डोळे मिटलेस. दोन दिवसांनी तू गेलीस. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं हे. खोटं. इतक्या वर्षांचं आपलं सगळं आणि शेवटी मी तुझ्या उशाशी बसून खोटं बोलले, कारण खरं बोलायला मला लाज वाटली.

परवाच्या सभेचं सांगते. एक पाहुणा तुझ्याबद्दल बोलला. निसर्गकन्या म्हणाला. त्यानं तुला कधी बघितलेलं नव्हतं. चिठ्ठी वाचून तोही 'ब्रिजाबाई' म्हणाला. मध्येच चिवड्याच्या प्लेटा फिरल्या. मागच्या रांगेत दोन पोरी तुझ्या बॅनरपुढं तोंडाचा चंबू करून फोटो काढत होत्या. मग जाहीर झालं की तलावाच्या काठाला, बरोबर त्या उखळाच्या कातळावर, तुझ्या नावानं सेल्फी पॉइंट होणार. मोरपिसांचा मोठा टोप बसवणार, लोकांनी त्याखाली उभं राहायचं. टाळ्या पडल्या. मी तेव्हाच उठून बंगल्यामागं गेले आणि ओकले.

परत आले तर माझं नाव पुकारत होते. सूत्रसंचालक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, दो मिनट बस. थोडा इमोशनल."

मी ठरवून काही गेले नव्हते, खरंच. माइक हातात घेतला आणि म्हटलं, "बिरजाबाई. नाव नीट घ्या. बिरजाबाई. तिच्या घराण्याची सात घरं या हिरवळीवर होती. ती उठवून हा बंगला झाला. वाटा त्यांच्या आहेत. ही जागा निर्जन नव्हती. निर्जन हा शब्द माझा आहे आणि तो खोटा आहे. तिच्या डोक्यावरचा टोपही खोटा होता आणि तो घालायला मीच तिला सांगितलं. ती मरताना मी तिला सांगितलं की शब्द खोडला. तेही—"

माइक बंद झाला. सूत्रसंचालकानं दुसऱ्या माइकवर सांगितलं, "मॅडम बहुत भावुक हो गई हैं," आणि गाणं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिरजाबाई, त्यांनी टाळ्या वाजवल्या! कोणी ऐकलंच नव्हतं.

एकटी सुनीता उठली होती. ती शेवटच्या रांगेत, तुझ्या दोन जावांबरोबर बसली होती. तिला पुढं बसायला कोणी म्हटलं नव्हतं. मी अवजारांच्या खोलीकडं गेले, तिथं तुझी सब्बल भिंतीला टेकलेली होती. ती लोखंडी पहार मला धड उचलेना. तरी ओढत वाटेच्या तोंडाशी नेली. सुनीता मागून आली.

"काय करता, मॅडम?"

"पूर्ण फोडते हा दगड."

तिनं दगडाकडं बघितलं. "पुरा नको. तेवढाच शब्द फोडा. भोक दिसू द्या. लोकायले समजू द्या, तठी कायतरी होतं म्हनून."

मी मारलं. पहिले दोन घाव घसरले, तिसऱ्याला ठिणगी उडाली. हात बधिर झाले. सुनीतानं सब्बल माझ्याकडून घेतली नाही. तिनं फक्त टोक धरून नेमकं त्या अक्षरांवर टेकवलं आणि मी एका धोंड्यानं वरून ठोकत राहिले. टवके उडाले. 'नि' गेलं, मग 'र्जन' गेलं. तोवर माणसं गोळा झाली, मोबाइल वर आले, कोणी ओरडलं, कोणी हसलं. चौकीदारानं सब्बल हिसकावली तेव्हा काम झालं होतं.

काल मला पोलीस चौकीत बोलावलं होतं. सुनीता माझ्यासोबत आली, मी नको म्हणत असताना. मी जबाब लिहून दिला, दोन पानं, नावगाव सगळं. का फोडलं ते लिहिलं, सात घरं लिहिली, उखळ लिहिलं, तुझं नाव नीट लिहिलं. पुढं काय होतं ते होईल. समितीनं मला काढलंय. शाळेतूनही विचारणा झालीय. त्याचं मला काही वाटत नाही. सेल्फी पॉइंटचं काम मात्र थांबलेलं नाही. तिथं खड्डे खणायला लागलेत, हे तुला सांगायला हवं. आता तरी खोटं नको.

चौकीतून निघालो. मी स्कूटीवर, सुनीता मागं. दोन्ही बाजूला धानाची रोवणी झालेली शेतं. गाव मागं पडलं. मग मीच म्हटलं, "सुनीता, मी तुझ्या आईशी खोटं बोलले. ती तेच खरं समजून गेली."

सुनीता म्हणाली, "नाई गेली."

"म्हणजे?"

"तिले मालूम होतं. तुमी दवाखान्यातून निघाल्या अना मी वर आली. आई म्हने, मॅडम लबाड बोलून राहिली होती. मी म्हटलं, मंग तू काऊन नाई बोलली? तं म्हने, तिले यवढ्या दूर बसनं वापस जायचं हाय. रडत रडत कायले पाठवू तिले."

मी गाडी कडेला घेतली. बंद करून चावी काढली. सुनीता खाली उतरली, थोडा वेळ शेताकडं बघत उभी राहिली. तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि घ्यावं असं काही मी केलेलंही नव्हतं. मग म्हणाली, "सरका मांगं. चाबी द्या."

तिनं मला घरापर्यंत आणून सोडलं आणि चहाला न थांबता पायी बसस्टँडकडं निघून गेली.